माझा फोटो पुरावा म्हणून वापरू नका

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधे मी सपाटून हरलो. हरण्याचं एवढं काही नाही, क्लायंटसमोर दर महिन्याला हरतो. पण या वेळी माझ्याविरुद्ध जो पुरावा सादर झाला तो मीच तयार केला होता. चार रात्री जागून, गच्चीवर डास चावून घेत.

झालं असं. गेल्या हिवाळ्यात मी आमच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिकेचा फोटो काढला. तीच ती अँड्रोमेडा गॅलेक्सी, एम ३१. पुण्याच्या पश्चिमेचं उपनगर, बारा मजली इमारत, समोर हायवे. सेकंडहँड डीएसएलआर, ८० मिलिमीटरची छोटी दुर्बीण आणि पृथ्वीच्या फिरण्याबरोबर दुर्बिणीला उलटं फिरवणारं मोटरवालं माउंट, एवढाच संसार. फोटो बरा आला. मधला पिवळसर गाभा, भोवतीच्या निळसर भुजा, धुळीच्या काळ्या रेघा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला, आणि कमिटीने चक्क फ्रेम करून लॉबीत लावला. माझी कॉलर ताठ.

मीटिंगमधला विषय क्रमांक सहा होता "इमारतीस शोभेची प्रकाशयोजना". म्हणजे खाली जमिनीवर २०० वॅटचे बारा एलईडी फ्लडलाइट, वर तोंड करून, रात्रभर चालू. मी उठून म्हणालो की नको, आधीच आकाशाची वाट लागली आहे. त्यावर आमचे सेक्रेटरी काका शांतपणे म्हणाले, "अरे, तुझा तो फोटो लॉबीत आहे ना? एवढ्या उजेडातून आलाच की! मग आणखी बारा दिव्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

सगळे हसले. मीही हसलो (दुसरं काय करणार?). ठराव बहुमताने पास.

काकांवर माझा राग नाही. त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण तो साफ चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे ते मला रात्री भांडी घासताना सुचलं. म्हणून आजचा लेख.

आधी तो फोटो "आला" म्हणजे काय झालं ते सांगतो. तो एक फोटो नाही. ६०-६० सेकंदांचे ४२० फोटो आहेत, एकूण सात तास. त्यातला कुठलाही एक उघडून बघा. राखाडी-तपकिरी चिखल दिसेल, मधे एक धूसर ठिपका. मग सॉफ्टवेअरने ते ४२० फोटो ताऱ्यांवर तारे ठेवून एकमेकांवर रचायचे, त्यातून आकाशाची चमक वजा करायची, उरलेलं ताणायचं, तेव्हा कुठे भुजा वर येतात. यात काही खोटं नाही. "फोटोशॉप केलंयस ना?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की मी एकही पिक्सेल रंगवलेला नाही, गाळ काढलाय. पण गाळ होता, आणि तो काढायला किंमत पडली. ती किंमत फोटोत दिसत नाही, गोची तिथेच आहे.

किंमत किती, त्याचा साधा हिशेब करू. (गणिताची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मग मीटिंगमधे हसायचं नाही.)

समजा देवयानीच्या बाहेरच्या भुजेतून कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर १०० फोटॉन आले. त्याच वेळात शहराच्या उजेडाने चमकणाऱ्या आकाशातून त्याच पिक्सेलवर ९,९०० आले. आकडे मी हिशेबाला सोपे घेतलेत, पण शहरातल्या गच्चीवर प्रमाण साधारण असंच असतं. एकूण १०,०००. यातून आकाशाचे ९,९०० वजा केले की १०० उरले, सोपं आहे! पण फोटॉन काही शिस्तीत येत नाहीत. पावसाच्या थेंबांसारखे येतात, कधी जास्त कधी कमी. सरासरी १०,००० असेल तर चढउतार साधारण त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा. सरासरी वजा करता येते, चढउतार वजा करता येत नाही. म्हणजे सिग्नल १०० आणि खरखर १००. विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून कुणी कानात पत्ता सांगावा, तसं.

आता तीच दुर्बीण खऱ्या अंधाऱ्या जागी नेऊ. तिथलं आकाश शहरापेक्षा २५ पट काळं आहे असं धरा, हाही फरक वास्तवातलाच आहे. मग आकाशाचे फोटॉन ३९६, देवयानीचे तेच १००, एकूण ४९६, खरखर साधारण २२. सिग्नल खरखरीच्या साडेचारपट! आणि शहरातून एवढाच स्वच्छ फोटो हवा असेल तर एका तासाच्या जागी सुमारे २० तास लागतील, कारण फोटो चौपट वाढवले तरी दर्जा दुप्पटच होतो. माझ्या गच्चीवरचे सात तास म्हणजे अंधाऱ्या गावातली वीस-पंचवीस मिनिटं. तर काका, फोटो "उजेडातून आलाच की" असं नाही. उजेडाला दंड भरून आणलाय. तुमचे बारा दिवे म्हणजे त्या दंडात वाढ.

इथे माझ्यासारखे हौशी छायाचित्रकार मधे पडतात. "अरे, फिल्टर लाव ना." हा सल्ला मला आठवड्यातून एकदा तरी मिळतो. आणि आता ज्यांच्यावर मी खरा चिडलोय ते आपणच आहोत मंडळी. आपली जमात.

फिल्टरचं प्रकरण असं आहे. मृगातला तेजोमेघ किंवा त्याच्या शेजारचा रोझेट, यांच्यासारख्या तेजोमेघांतला वायू स्वतः प्रकाशतो, आणि तो अगदी ठरावीक रंगांतच प्रकाशतो. हायड्रोजनचा लाल ६५६.३ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनचा हिरवट-निळा ५००.७ वर. तेवढीच बारीक फट उघडी ठेवणारा फिल्टर लावला की शहराचा बहुतेक उजेड बाहेर राहतो. पौर्णिमेलासुद्धा लोक रोझेट काढतात. म्हणून शहरी हौशी मंडळींच्या अल्बममधे तेजोमेघांची गर्दी असते.

पण दीर्घिका म्हणजे तारे. अब्जावधी तारे. आणि तारे सगळ्या रंगांत प्रकाशतात. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा त्यांचा उजेड बराचसा पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असायचा, तो पट्टा कापणारा फिल्टर लावून काहीतरी वाचवता यायचं. २०१५ मधे केंद्र सरकारची रस्त्यावरचे दिवे बदलण्याची योजना सुरू झाली आणि एलईडी सगळीकडे आले. वीज वाचली, चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पांढरा एलईडी निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, वर निळ्यात एक टोक. ताऱ्यांसारखाच. देवयानीचा प्रकाश आत घेईल आणि समोरच्या जाहिरातीच्या फलकाचा बाहेर ठेवेल असा फिल्टर कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण तसा तो बनूच शकत नाही. आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो (दिवसा आकाश निळं दिसतं ते त्याचमुळे), म्हणजे तेवढ्याच उजेडाच्या पिवळ्या दिव्यापेक्षा थंड पांढरा दिवा आकाश जास्त उजळवतो.

हे सगळं आपल्याला माहीत असतं. आणि तरी आपण फोटोखाली काय लिहितो? "शहरातून, घराच्या गच्चीवरून!" उद्गारचिन्हासकट. मीही लिहिलं होतं. त्यात फुशारकी असते, "बघा, एवढ्या वाईट आकाशातून काढलं". पण वाचणाऱ्याला ऐकू येतं ते "बघा, आकाश एवढं काही वाईट नाही". आपण आपल्या चिकाटीची जाहिरात करायला गेलो आणि फ्लडलाइटवाल्यांची जाहिरात करून आलो. दरवर्षी आकाश बिघडतं आणि दरवर्षी आपले फोटो सुधारतात, कारण सेन्सर सुधारले, सॉफ्टवेअर सुधारलं. दोन्ही रेघा एकाच कागदावर काढल्या तर माणूस समजेल की उजेड वाढला की फोटो छान येतात!

आणि आकाश बिघडतंय, हे माझं रडगाणं नाही. २०१६ मधे प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातले ८० टक्क्यांहून जास्त लोक प्रकाश-प्रदूषित आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून जास्त लोकांना घराजवळून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मधे 'सायन्स'मधे आलेल्या अभ्यासात सामान्य लोकांनी डोळ्यांनी केलेल्या ५० हजारांहून जास्त नोंदी तपासल्या होत्या. त्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या. निष्कर्ष हा की २०११ ते २०२२ या काळात आकाशाची चमक वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढली. त्याच संशोधकांनी दिलेलं उदाहरण असं: जिथे आज २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वाढदिवशी १०० दिसतील. चक्रवाढ व्याज, होम लोन घेतलेल्यांना वेगळं समजवायला नको.

आता काका म्हणतील (म्हणालेच नंतर जिन्यात), "शहर म्हटलं की हे असणारच." इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या डोक्यावर माउंट विल्सन नावाची वेधशाळा आहे. तिथल्या १०० इंची दुर्बिणीने एडविन हबलने १९२३ मधे याच देवयानीत एक विशिष्ट प्रकारचा तारा शोधला, आणि त्यावरून हा ढगाचा पुंजका नसून आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे सिद्ध झालं. पण देवयानीच्या गाभ्यातले तारे वेगवेगळे दिसेनात. नुसतंच दुधाळ. खाली शहर वाढत होतं, उजळत होतं. मग महायुद्ध आलं आणि लॉस एंजेलिसमधे ब्लॅकआउट झाला. वॉल्टर बाडे हा मूळचा जर्मन खगोलशास्त्रज्ञ. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला युद्धाच्या कामात घेतलं नव्हतं, त्यामुळे दुर्बीण त्याच्या हाती बरीच मोकळी होती. १९४३ मधे त्या अंधारात, लाल रंगाला संवेदनशील प्लेट्स वापरून, त्याने देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे सुटे टिपले. १९४४ मधे ते प्रसिद्ध झालं. ताऱ्यांच्या दोन वेगळ्या पिढ्या असतात ही कल्पना तिथून आली, आणि पुढे १९५२ मधे याच धाग्यावरून दीर्घिकांची अंतरं दुप्पट करावी लागली. म्हणजे विश्वच दुप्पट मोठं निघालं!

यात बाडेची चिकाटी होती, नव्या प्लेट्स होत्या. पण दुर्बीण तीच जुनी होती आणि दीर्घिकाही तीच. खालचं शहर तेवढं विझलेलं होतं. प्रकाश-प्रदूषण हे असं प्रदूषण आहे की बटण बंद केलं की ते त्याच क्षणी संपतं. नदी साफ करायला वर्षं लागतात, हवा साफ करायला वर्षं लागतात. आकाश साफ करायला एक बटण. माझी आजी गिरगावातल्या चाळीत राहायची. १९७१ च्या युद्धातल्या ब्लॅकआउटबद्दल सांगताना ती खिडक्यांना लावलेल्या काळ्या कागदांबद्दल, भोंग्यांबद्दल सांगते, आणि मग नेहमी एक वाक्य पुढे जोडते की गच्चीवर गेलं की तारे खाली उतरल्यासारखे वाटायचे. भीतीच्या आठवणीतसुद्धा तिला ते तारे आठवतात.

युद्ध व्हावं असं मी म्हणत नाहीये, कृपया गैरसमज नसावा :) शहर काळोखात बुडवा असंही म्हणत नाही. माझी मैत्रीण रात्री साडेअकराला कॅबमधून उतरते तेव्हा गेटवर उजेड हवाच. पण सुरक्षिततेचं नाव घेऊन जो उजेड लावला जातो तो कुठे पडतो ते एकदा बघा. आमच्याच गेटवरचा नवा दिवा थेट डोळ्यांत येतो आणि त्याच्या मागे कोण उभं आहे ते दिसत नाही. वॉचमन काका स्वतः कपाळावर हात धरून बघतात. सुरक्षेला उजेड जमिनीवर हवा, डोळ्यांत आणि ढगांत नव्हे. आणि जमिनीवरून वर तोंड करून इमारतीचा रंग उजळणारे बारा फ्लडलाइट नेमके कुठल्या चोराला पकडणार आहेत?

दुसरा उपाय आमचे आयटीवाले मित्र सुचवतात. "अरे, वीकेंडला जा ना कुठेतरी." जातोच. आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मधे 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातला पहिला. लडाखमधे हानलेला २०२२ मधे राखीव अंधारं आकाश जाहीर झालं. दोन्ही अभिमानाच्या गोष्टी आहेत. पण पेंच पुण्यापासून सातशे किलोमीटरच्या आसपास, हानले तर विचारूच नका. आकाशाचं बाटलीबंद पाणी होऊ लागलंय. नळाचं पाणी आपणच बिघडवायचं, मग बाटली विकत घ्यायची, आणि ती परवडते याचा आनंद मानायचा. ज्यांना सुट्टी, गाडी आणि होमस्टेचं भाडं परवडतं त्यांना आकाशगंगा. आमच्या वॉचमन काकांच्या मुलीला लॉबीतली फ्रेम.

तिचीच गोष्ट सांगतो. आठ वर्षांची आहे. फोटो लावला त्या आठवड्यात तिने विचारलं, "दादा, हे कुठंय?" मी तिला गच्चीवर नेलं. रात्रीचे साडेनऊ, देवयानी उत्तरेला चांगली वर आलेली. शर्मिष्ठेचा 'एम' कसाबसा दाखवला, तिथून बोटाने जागा दाखवली. म्हटलं, आपल्या डोळ्यांना ही सहज दिसू शकते, २५ लाख प्रकाशवर्षांवरून, आणि पूर्ण दिसली तर ओळीत सहा चंद्र मावतील एवढी लांब आहे. तिने बराच वेळ वर बघितलं. वर दुधी पडदा होता. मग माझ्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे ती यातच असते?"

मला तेव्हा हसू आलं होतं. मीटिंगनंतर आठवलं तेव्हा नाही आलं. साध्या डोळ्यांना सहज दिसणारी सगळ्यात लांबची वस्तू, आणि एका हुशार मुलीला ती कॅमेऱ्यातली वस्तू वाटते. तिची चूक नाही. तिच्याकडे पुरावा तेवढाच आहे, माझा फोटो.

तेव्हा आता ठरवलंय. पुढच्या मीटिंगला विषय पुन्हा मांडणार, आणि या वेळी आकाशाबद्दल रडणार नाही, बिल दाखवणार. बारा दिवे गुणिले २०० वॅट म्हणजे २.४ किलोवॅट. रात्री अकरा ते सकाळी साडेसहा बंद ठेवले तर रोज १८ युनिट वाचतात, वर्षाला ६,५७०. युनिटला दहा रुपये धरले तरी ६५,७०० रुपये. मेंटेनन्स वाढला म्हणून ओरडणारे सगळे माझ्या बाजूने येतील अशी आशा आहे. मागण्या चारच: दिव्यांची तोंडं खाली, वरून झाकण, थंड पांढऱ्याऐवजी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर रंग, आणि अकरानंतर टायमर. जिन्यात आणि पार्किंगमधे मोशन सेन्सर. यातलं काहीच रॉकेट सायन्स नाही, आमचा इलेक्ट्रिशियन एका दिवसात करेल.

हौशी मित्रांना एकच विनंती. फोटोखाली दुर्बिणीचं आणि कॅमेऱ्याचं नाव लिहिता ना, तसंच आकाश किती वाईट होतं आणि त्यामुळे किती तास जास्त गेले तेही लिहा. आणि ते उद्गारचिन्ह काढा.

लॉबीतली फ्रेम काढून टाकावी असं आधी वाटलं होतं. आता तिच्या शेजारी दुसरी लावायला देणार आहे. त्याच चार रात्रींतल्या ४२० पैकी एक फोटो, जसा कॅमेऱ्यातून आला तसा. राखाडी-तपकिरी चिखल, मधे धूसर ठिपका. खाली लिहिणार, "आपल्या गच्चीवरून असं दिसतं." कमिटी लावेल की नाही माहीत नाही. काका म्हणतील, लॉबीला शोभत नाही.

असो. आज ढग आहेत, झोपतो.